रेडिओतला खोकला

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये म्हाताऱ्यांच्या डे-केअरची व्हॅन चालवणारे पुष्कळ आहेत, पण माझ्याइतका भरवशाचा ड्रायव्हर दुसरा नाही. पहिल्याच आठवड्यात मी चुकीच्या घरासमोरून चुकीची म्हातारी उचलून नेली.

ती बिचारी टपालपेटीपाशी उभी होती, हातात दोन पाकिटं. मी दार उघडलं, हात दिला, सीटवर बसवून पट्टा बांधला. डे-केअरमध्ये नावं वाचली तेव्हा कळलं, आणायचे होते ते शेजारचे आजोबा, आणि ते खिडकीत उभे राहून मला शिव्या घालत होते. मी घाबरून तिला म्हटलं, "अहो, तुम्ही बोलला का नाहीत?"

"तीन महिन्यांत मला कुणी 'चल' म्हटलं नव्हतं," ती म्हणाली.

तिचं बोलणं मी मराठीतच सांगतो. मी आठवी नापास, बहिणीने स्पॉन्सर केलं म्हणून अमेरिकेत. माझ्या इंग्रजीत सांगितलं तर तुमच्यापर्यंत ती म्हातारी नाही, भलतीच कुणी पोचेल.

संध्याकाळी तिची मुलगी मला खूप बोलली. पुढच्या सोमवारी तिनेच आईचं नाव डे-केअरमध्ये घातलं. मी तिला 'आजी' म्हणायला लागलो. ती मला 'ड्रायव्हर' म्हणायची, आणि त्या शब्दात नेहमी थोडी शंका असायची.

आजी हवाई बेटांवरची. मुलीकडे राहायला म्हणून या बर्फात आलेली. मांडीवर कायम एक जुना टेपरेकॉर्डर, त्यात एकच कॅसेट. गाडी सुरू झाली की ती बटण दाबायची. पूर्वी होनोलुलूच्या रेडिओवर तिथल्या देवादिकांच्या गोष्टी सांगायचे, नाटक करून, मागे समुद्र, वारा, आग. त्यातली ही एक गोष्ट. स्टेशनातल्या कुणीतरी बऱ्याच वर्षांनी तिला कॅसेटवर उतरवून दिली होती.

गोष्ट अशी. ज्वालामुखीची देवी, पेले, म्हातारीचं रूप घेऊन येते. दोन मुली चुलीवर निरफणस भाजत असतात. म्हातारी म्हणते, भूक लागली. एक मुलगी देत नाही, दुसरी देते. रात्री डोंगर फुटतो, आणि निवेदक भारदस्त आवाजात सांगतो, "देवीने दोन्ही घरं जाळून टाकली!"

तेवढ्यात कॅसेटमध्येच मागून कुणीतरी खोकतं.

त्या जागी आजीचा पंजा वर जायचा. "ऐक!" खोकला झाला की पंजा खाली. "दोन्ही नाही. एकच. जिने दिलं तिचं घर वाचलं."

तो खोकला तिच्या बापाचा. बाप त्या कार्यक्रमात आवाज करायचा. जाळीवर वाटाणे फिरवून समुद्र, चुरचुरणारा कागद चुरगाळून आग. गोष्टी त्याच्या आजीकडून आलेल्या, पण सांगणारा अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून आलेला साहेब. साहेब काही चुकला की बाप सांगायला जायचा. साहेब म्हणायचा, "तुझं काम समुद्र करायचं. गोष्ट आम्ही सांगू." एक घर जळण्यापेक्षा दोन जळलेली ऐकायला बरी वाटतात, म्हणून साहेबाने शेवट बदलला. कार्यक्रम थेट चाललेला. बापाच्या हातात वाटाणे, समोर माईक. तो खोकला. त्याच आठवड्यात नोकरी गेली.

"त्याचा आवाज एवढाच राहिलाय," आजी म्हणायची. "बोललेलं कुठेच नाही."

मागच्या सीटवर आमच्या नागपूरच्या काकू बसायच्या. मुलगा आयटीत, सून आयटीत, काकू व्हॅनमध्ये. पहिला महिना काकू कुरकुरल्या, "रोज तेच काय लावून राहिली ही बाई?" नंतर त्यांचाही पंजा वर जायला लागला. समोरच्या आरशात मला दोन पंजे दिसायचे, एकात बांगड्या.

एकदा आजी म्हणाली, "तू मला त्या दिवशी गाडीत घेतलंस. आमच्याकडे रस्त्यावर म्हातारी उभी दिसली तर सोडून जायचं नसतं. तू चुकून घेतलंस, पण घेतलंस." असं मला कुणी कधी म्हटलं नव्हतं. मी इतका फुगलो की वळण चुकलो.

आणि फुगलेल्या माणसाने करू नये ते मी केलं. कॅसेट घरघरायला लागली होती. मी म्हटलं, "आजी, द्या इकडे. फोनमध्ये कॉपी करून देतो, एकदम नवी." ती दोन दिवस विचार करत होती. मग रुमालात बांधून दिली.

रविवारी मी कॉपी केली. ॲपमध्ये एक बटण होतं, आवाज साफ करायचं. दाबलं. निवेदक असा खणखणीत आला की जणू माझ्या किचनमध्ये उभा आहे. शेवटपर्यंत ऐकलंसुद्धा नाही, एवढा खूश. मग कॅसेट नीट गुंडाळून द्यावी म्हणून रिवाइंड केली, तर माझ्या खटारा मशीनने ती चावली आणि तोडली. मी म्हटलं, जाऊ दे, फोनमध्ये आहे की. तुकडे कचऱ्यात. आमच्याकडे कचऱ्याचा ट्रक सोमवारी पहाटे येतो.

सोमवारी व्हॅनमध्ये मी ऐटीत फोनवर गोष्ट लावली. समुद्र नव्हता. वारा नव्हता. आग नव्हती. एकटा साहेब बोलत होता. "...दोन्ही घरं जाळून टाकली!"

दोन पंजे वर गेले.

काही आलं नाही. काकूंचा पंजा खाली आला. आजीचा तसाच राहिला, सिग्नल सुटला तरी.

"कॅसेट?" तिने विचारलं. मी सांगितलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. उतरताना माझा हात धरून, फुटपाथवरच्या बर्फाकडे बघत म्हणाली, "त्यांनीही त्याला असाच काढला होता."

मी घरी जाऊन जेवलो नाही. बहिणीला वाटलं तब्येत बिघडली.

दुसऱ्या दिवसापासून गाडीत एक जाळीची चाळण ठेवली, सोबत पाव किलो सुके वाटाणे. डे-केअरचं दार उघडायच्या आधी दहा मिनिटं असायची. त्यात मी आजीला म्हटलं, "शिकवा." तिने चाळण माझ्या हातात नीट धरायला लावली. मग म्हणाली, "हळू. समुद्राला कुठे कामावर जायचंय?"

हिवाळाभर मी समुद्र शिकलो. काकू मागून म्हणायच्या, "अरे, तू वाटाणे निवडून राहिला का?" आजी हसायची. एकदा मी भीत भीत म्हटलं, "आजी, तुम्हीच खोका ना. वडिलांसारखं. मी रेकॉर्ड करतो." ती म्हणाली, "तो मागितल्यावर नव्हता खोकला."

मार्चमध्ये एका सकाळी तिच्या घरासमोर हॉर्न दिला. मुलगी बाहेर आली, अंगावर आईचा स्वेटर. ती काही बोलायच्या आधीच मला कळलं. तिने तो टेपरेकॉर्डर माझ्या हातात दिला. आत कॅसेट नव्हती, हे तिला माहीत होतं की नाही, कुणास ठाऊक.

यादीतून नाव गेलं, पण माझी व्हॅन अजून त्या टपालपेटीपाशी थांबते. परवाही थांबली. काकू मागे होत्या, एकट्याच. मी फोनवर गोष्ट लावली, चाळण घेतली, वाटाणे फिरवले. हळू, अगदी हळू. खरं सांगतो, त्या दिवशी पहिल्यांदा तो समुद्र वाटला. साहेब म्हणाला, "दोन्ही घरं जाळून टाकली!" आरशात बांगड्यांचा हात वर गेला. मला राहवलं नाही. मी खोकलो.

हात खाली आला.

"तू खोकू नको," काकू म्हणाल्या. "तो तिचा बाप होता, तुझा नाही. चालव गाडी."