गुरुजींचा नागमोडी रेघेचा पतंग

टेलरच्या दुकानात दोनच गोष्टी साचतात, चिंध्या आणि किस्से. चिंध्या गादीवाला पोत्यानं नेतो. किस्से कोण नेईल, बाप्पा! आमच्या सौंसरच्या दुकानातले अर्धे तर एकट्या डोंगरे गुरुजींचे.

*

गुरुजी सायन्सचे रिटायर मास्तर. एक दिवस म्हणाले, "दोन मीटर पांढरं कापड चारी बाजूनं शिवून दे."

"कशाले?"

"लाइटजवळ टांगतो. पतंग येऊन बसतात."

मी कोपऱ्यात एक खिसा लावून दिला. "रुमाल ठेवाले लागते ना त्यायले!"

गुरुजींना हवा होता एकच पतंग. राखाडी-हिरवा, चारही पंख पसरून भिंतीला चिकटवल्यासारखा बसणारा. घराच्या भिंतीवर त्यांना तो एकदाच दिसला होता. नागपूरच्या एका जाणकार साहेबांना लिहिलं, तर उत्तर आलं, "तो तुमच्याकडे सापडत नाही. पंखावरची पांढरी नागमोडी रेघ फोटोत दिसली तरच मानू."

गुरुजी तीन दिवस जेवले नाहीत. खोटं! जेवले, पण वरण अळणी आहे हे त्यांना कळलं नाही.

*

या पतंगांची अळी वीत टाकत चालते. बोरगावच्या बबनच्या संत्र्यावर तशी एक सापडली. बबन फवारणीचा पंप घेऊन आला, तर गुरुजी झाडाला आडवे!

"थांब, बबन! पतंग कोणता होते ते पाहू दे."

"गुरुजी, थे पानं खाऊन राहिली ना!"

मी म्हटलं, "खाऊ दे लेका. माप घेऊन राहिली, संत्र्याले सदरा शिवते!"

निघाला साधाच पतंग. बबन अजून मलाच शिव्या देतो.

*

मग मीच एका साध्या पतंगावर खडूनं रेघ मारली आणि गुरुजींपुढं ठेवला. त्यांनी भिंग लावलं. माझ्याकडं पाहिलं.

"रेघ सरळ आहे. देव इतकी सरळ मारत नाही. टेलर मारते!"

*

नंतर शुगरनं गुरुजींचे डोळे गेले. पोरीनं त्यांना पांढुर्ण्याला नेलं.

भेटायला गेलो तर ओट्यावर बसलेले. मी समोर उभा राहून जीभ काढली, डोळे फिरवले. एरवी चप्पल उचलणारा माणूस, ढिम्म!

माझ्या आयुष्यातली पहिली वाया गेलेली वाकुली.

*

यंदा एका सकाळी दुकान उघडायला गेलो, तर शटरच्या बाजूच्या भिंतीवर तोच! रेघ पुढच्या पंखातून मागच्या पंखात गेलेली, नागमोडी, जशी कच्ची शिलाई. चिमटीत धरला, बटणांच्या डबीत टाकला आणि पांढुर्ण्याची बस पकडली. मोबाइल खिशात होता. फोटो काढायचं सुचलं असतं तर!

गुरुजींपुढं डबी उघडली. रस्ताभर फडफडला असेल. पंख बोहारणीला दिलेल्या लुगड्यासारखे विटलेले.

गुरुजींनी विचारलं, "मिशा?"

"कंगव्यासारख्या."

"मागच्या पंखाले टोक?"

"आहे."

"आन् रेघ?"

मी अंगठ्याकडं पाहिलं. रेघेची पांढरी भुकटी सगळी त्याच्यावर.

"आहे, गुरुजी."

"नागमोडी?"

"नागमोडी."

गुरुजी रडले. मग म्हणाले, "फोटो काढ. नागपूरच्या साहेबाले धाड. आत्ताच."

मी मोबाइल काढला आणि फोटो घेतला. अंगठ्याचा.