सत्ती, दुर्री आणि ताई

पोकर मी शिकलो तो पन्नाशी उलटल्यावर, आणि तोही घरच्याच माणसांबरोबर. कट्टा गावात एसटी स्टॉपसमोर माझं झेरॉक्स आणि वह्या-पेनांचं दुकान आहे; रविवारी दुपारी ते बंद असतं. थोरली ताई विजयदुर्गला असते, तिची मुलगी नोकरीसाठी पुण्याला. भावोजी जहाजावर असताना हा खेळ शिकले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना मोबाइलवरच्या एका टेबलाभोवती बसवलं. पैशांचा संबंध नव्हता. अ‍ॅप रोज पैशांऐवजी फुकटच्या चकत्या देतं, त्यावरच खेळायचं आणि सोबत फोनवर गप्पा मारायच्या.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाला दोन झाकलेली पानं, मध्ये एकेक करत पाच उघडी. ज्याची जुळणी मोठी, चकत्या त्याच्या. हातात दम असेल तर चकत्या वाढवायच्या, नसेल तर पानं टाकून द्यायची. मला टाकणं जमत नसे. बांगडा-भात जेवून बसायचो आणि अर्ध्या तासात सगळं घालवून इतरांचा खेळ बघत राहायचो.

एकदा भाचीने माझे जुने डाव अ‍ॅपमध्ये उघडून पाहिले. म्हणाली, "मामा, तुम्ही एकही पान सोडत नाही. या महिन्यात एवढंच करा, वाईट पानं आली की लगेच टाका. बाकी काही शिकू नका."

तो महिना फार कंटाळवाणा गेला. मी पानं टाकायचो आणि बसल्या बसल्या पावट्याच्या शेंगा सोलायचो. ताई विचारायची, "झोपलंस काय रे?" पण शेवटपर्यंत टेबलावर टिकायला लागलो. पुढच्या महिन्यात भाचीने सांगितलं, की आपली पाळी शेवटी असेल तेव्हा जरा धीट व्हा, कारण तोवर बाकीच्यांनी काय केलं ते दिसलेलं असतं. त्यानंतरच्या महिन्यात, 'बघूया तरी समोर काय आहे' म्हणून चकत्या घालणं बंद. हे सगळ्यात अवघड गेलं. दुसऱ्याच्या हातात काय आहे ते न बघता गप्प बसणं माझ्या स्वभावातच नाही.

एवढं करूनही ताई मला हरवायचीच. हातात काही नसताना मी मोठा आव आणला, की ती थंडपणे चकत्या पुढे करायची आणि माझं पितळ उघडं पडायचं.

"तुका कसा कळता?" मी शेवटी विचारलं.

"खोटा खेळतंस तेव्हा खूप इचार करतंस. खरा आसला की झटदिशी खेळतंस."

मी भाचीला फोन लावला. ती हसली आणि म्हणाली, "मग प्रत्येक वेळी मनात पाच आकडे मोजा. एक्का असो, दुर्री असो, पाचच."

तीन रविवार मी नुसते आकडे मोजले. चौथ्या रविवारी माझ्याकडे सत्ती आणि दुर्री आली, रंगही वेगवेगळे. त्याहून वाईट हात नाही. पण मध्ये दोन राजे उघडले होते; तिसरा माझ्याकडे आहे असं भासवता आलं असतं. पाच मोजले आणि सगळ्या चकत्या पुढे सारल्या. भावोजींनी पानं टाकली, भाचीने टाकली. मग ताईनेही टाकली. मला राहवलं नाही, मी माझी पानं उघडून दाखवली. भाची हसून हसून बेजार झाली. ताईने मात्र तेवढ्यावर फोन ठेवला.

पुढच्या रविवारी ती खेळायला आलीच नाही. भावोजी म्हणाले, "तिका कामा आसत." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. माझा जीव थोडा थोडा होऊ लागला. मंगळवारी दुकान बंद ठेवून मी एसटीने विजयदुर्ग गाठलं.

ताई पडवीत बसली होती, चष्मा नाकावर, मोबाइल हातात. मला बघून म्हणाली, "बस हां. ह्यो डाव संपू दे."

"रागावलंस?"

"मी कित्याक रागावतलंय? शिकतंय."

दोन आठवडे ती अनोळखी लोकांच्या टेबलांवर सराव करत होती. बाजूला एक वही होती. तिच्यात आम्हा तिघांची एकेक पानभर माहिती: नवरा जेवणाआधी घाई करतो, मुलगी दोन डाव हरली की चिडून खेळते. माझ्या पानावरचं 'इचार केल्यान तर खोटा' हे वाक्य खोडलेलं होतं आणि खाली दुसरं काहीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं. मी वाचायला वाकलो, तर तिने वही मिटली आणि मला आधी जेवून घ्यायला सांगितलं.

परवाच्या रविवारी तिने आम्हा तिघांना ओळीने टेबलावरून उठवलं. पहिला मी.