आहेरात आलेली जर्मन गाडी

तिरोडा, गोंदिया, आमगाव, देवरी आणि जिथे जिथे आमचे सोयरे राहतात त्या सर्व गावांतील मंडळींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या घरची जर्मन मोटार लिलावात विकली गेली आहे. ऐकणाऱ्यांनी हातातली कामे क्षणभर बाजूला ठेवावीत. ज्यांना हसू येईल त्यांनी ते दाबू नये. मी अजून दाबलेले नाही.

अशी घोषणा करणे हा माझा पोटापाण्याचा धंदाच आहे. तिरोड्यात मी मांडव आणि लाऊडस्पीकर भाड्याने देतो. बारसे असो, लग्न असो, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा असो, माईक माझा. माझी जी बेअब्रू झाली तीही माझ्याच माईकवरून झाली, आणि भाडे न देता.

आमच्या भागात आहेर माईकवर पुकारतात. कुणी पातेले दिले, कुणी पंखा, सगळे देणाऱ्याच्या नावासकट गावभर ऐकू जाते. नात्यातल्या निम्म्या भांडणांना तिथूनच पाणी मिळते. माझ्या नव्या घराच्या वास्तुपूजनाला माझे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, आपल्या पायांनी माईकपाशी आले. गोंदियात त्यांची राइस मिल आहे. घसा साफ करून ते म्हणाले, "आमच्या साडभाऊले आमच्याकडून जर्मन मोटार. चालत नाही, पर सावली देते. अंदरच्या कोंबड्या पण तुमच्याच."

ट्रॅक्टरने ओढत ती मांडवात आणली. लांबलचक गाडी, मागे सामान ठेवायला खोलीएवढी जागा, आणि मागच्या काचेतून बाहेर बघणाऱ्या कोंबड्या. कधी काळी यंत्रे बसवायला आलेला एक परदेशी इंजिनिअर ती मागे सोडून गेला होता. साडूंनी ती भंगाराच्या ढिगाबरोबर उचलली आणि मिलच्या मागे कोंड्याच्या राशीशेजारी टाकून दिली. मांडव इतका वेळ हसला की पंगतीतला भात गार झाला. गाडीचे कागदही साडूंनी तिथेच, हसत हसत, माझ्या नावावर करायचे कबूल केले आणि पुढच्या आठवड्यात केले. त्या सहीबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे.

माझी बायको हसली नाही. तिने कोंबड्यांना पाणी ठेवले आणि मला म्हणाली, "ह्याचं उत्तर चार लोकांत द्यायचं. घरात बसून बडबडायचं नाही."

मग मी सूड घ्यायला बसलो. लोक सूडासाठी कोर्टात जातात. मी गॅरेजात गेलो. गोंदियाच्या एका मिस्त्रीने आणि मी मिळून ती गाडी खिळा खिळा सोडवली. काही भाग पुण्याहून आले, काही कोईमतूरहून, आणि दाराची एक मूठ तर भंडाऱ्याच्या भंगारवाल्याकडे सापडली. चकचकीत नवीकोरी करायची नाही हे माझे पहिल्यापासून ठरले होते. म्हाताऱ्या माणसाच्या केसांना काळा रंग फासला की तो आणखी म्हातारा दिसतो. मूळचा सायीसारखा रंग जिथे टिकला होता तिथे फक्त घासून उजळवला. सीटचे कापड उसवून, धुऊन, पुन्हा तेच शिवले. पहिल्यांदा इंजिन चालू करून वाऱ्याचे बटण दाबले तेव्हा जाळीतून पिसे उडाली आणि मिस्त्रीच्या मिशीत बसली. त्याने ती झटकली नाही. "सुरू झाली ना बाप्पा," एवढेच म्हणाला.

नागपूरच्या काही शौकीन मंडळींनी नागझिऱ्याजवळच्या एका रिसॉर्टच्या हिरवळीवर जुन्या गाड्यांचा लिलाव ठरवला. आमची गाडी पसंत झाली. अट एकच: ठरलेल्या किमान किमतीच्या वर बोली गेली नाही तर गाडी मालकाने परत न्यायची. मी मात्र अट वाचण्याआधीच साऱ्या सोयऱ्यांत पुकारा करून बसलो होतो की गाडी विकली जाणार आणि शान से जाणार. बायको म्हणाली, "परत आली तर भाऊजी जन्मभर प्रत्येक मांडवात माईक धरतील. मग मी माहेरच्या एकाही लग्नाला येणार नाही. तुम्ही जा, खुर्च्या मोजा."

म्हणून मी थोडी मशागत केली. साडूंच्या मुलाचे लग्न जवळ आले होते आणि वरातीसाठी त्यांना गोंदियात कुणाकडेच नसेल अशी गाडी हवी होती. बायकोने बहिणीला फोन करून सहज सांगितले, "रायपूरचे लोक पाहून गेले म्हणे." खोटे नव्हते. रायपूरचा एक माणूस खरेच पाहून गेला होता. तो आमचा जनरेटर दुरुस्त करायला आला होता.

साडूंनी सरळ मागितली असती तर वरातीला मी गाडी दिली असती, डोक्यावर फेटा बांधून स्वतः चालवलीही असती. पण त्यासाठी माझ्यासमोर उभे राहून "द्या" म्हणावे लागले असते. ते त्यांना जमणारे नव्हते. त्यांनी धानाची रीत वापरली.

ही रीत अशी. बाजार समितीत धानाच्या ढिगावर ते स्वतः कधी बोली लावत नाहीत; शेठला माल हवा आहे हे कळले की भाव चढतो. ते दोन दलाल पाठवतात, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. एक फितूर झाला तर दुसरा हाताशी असावा म्हणून. दोघांचीही नजर दूर उभ्या साडूंवर असते. त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसले की एक गप्प होतो, चष्मा काढला की दुसरा. मांडवाच्या तारा ओढायला मी बाजार समितीत इतक्यांदा चढलो आहे की वरून हा सगळा तमाशा मला पाठ झाला आहे. लिलावाच्या दिवशी मात्र मला दिसू नये म्हणून साडू रिसॉर्टच्या फाटकाबाहेर, सागाच्या झाडांत, आपल्या गाडीत काचा चढवून बसले होते. तिथून हिरवळ दिसत नाही. आणि जंगलाच्या त्या टोकाला मोबाइलला रेंज नसते.

आमच्या गाडीची पाळी आली. नागपूरच्या एका डॉक्टरांनी पाटी वर केली, मग भंडाऱ्याच्या एका गृहस्थांनी. दोन-चार वेळा वर-खाली झाले आणि बोली किमान किमतीच्या अलीकडेच बसकण मारून राहिली. लिलाव पुकारणारा म्हणाला, "और कोई? भाईसाहब, जर्मन माल है, सोच लीजिए." कुणी सोचेना. मला त्या मांडवातले हसू पुन्हा ऐकू येऊ लागले.

तेवढ्यात मागून एक पाटी वर गेली. तिच्या शेजारच्या रांगेतून दुसरी. मी वळून पाहिले. पहिला देवरीचा दलाल, पांढरा दुपट्टा. दुसरा आमगावचा, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा. मी बायकोच्या कानाशी लागलो. "दोघेही भाऊजींचेच आहेत."

तिने पदर तोंडाला लावला. "सांगायचं का त्यांना?"

"तुझी बहीण आहे. तू म्हणशील तसं."

ती गाडीच्या मागच्या काचेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चहा मागवा."

बोली किमान किमतीवरून उडी मारून गेली आणि थांबेचना. आकडा सांगत नाही. चांगल्या घरात सांगण्यासारखा नव्हता. डॉक्टरांनी पाटी मांडीखाली घातली. आता दोघेच उरले.

आमगावचा तिरपा होऊन म्हणाला, "काऊन बे, तांदूळ सोडून मोटारी घेऊन राहिला का?"

"तुले काय करायचं आहे? आपल्या मालकाले विचार."

"माझा मालक तुझ्या मालकाले खिशात ठेवते."

"तुझ्या मालकाची औकात मले माहीत आहे. कर ना पाटी वर."

त्याने केली. शेवटी देवरीच्या दलालाने एक आकडा पुकारला आणि आमगावच्याने पाटी उलटी करून गुडघ्यावर ठेवली. दोघांनाही एकच मर्यादा दिली होती हे उघड झाले. जो आधी पोचला त्याची गाडी. हातोडा पडला. बायकोने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की खूण अजून आहे.

मी फाटकाकडे निघालो. घाई नव्हती. देवरीचा दलाल माझ्या आधी धावत जाऊन बातमी सांगून आला होता आणि चावी घ्यायला परत हिरवळीवर गेला होता. साडू गाडीतून उतरले, मला पाहून दचकले, आणि मग लपण्यात अर्थ नाही असे ठरवून छाती पुढे काढली.

"साडभाऊ, मोटार आपल्याच घरी वापस आली पहा. जरा महाग पडली. पर पोराच्या वरातीपुढं पैशाचं काय घेऊन बसले."

"बरोबर आहे, भाऊ."

"समोर कोण होता? रायपूरवाला?"

"मला काय ठाऊक? जिद्दी माणूस होता, एवढं दिसलं."

"राहील जिद्दी. आपल्यापुढं टिकला नाही ना," असे म्हणून त्यांनी दुपट्ट्याने समाधानाने तोंड पुसले.

इतक्यात आमगावचा दलाल धापा टाकत आला. मी तिथे आहे की नाही हेही त्याने पाहिले नाही. खर्रा थुंकून, छातीवर हात ठेवून, तो साडूंना म्हणाला, "मोटार हातची गेली सेठ, पर टेन्शन नका घेऊ, ज्यानं घेतली त्याले मी असा रगडत वर नेलो का त्या येड्याले आता त्याची बायको घरात उभी नाही करत."