पावडर न लावणारी मुलगी

अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखनही चुकेल. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हा कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

घाटकोपरला आमच्या गल्लीत एक मुलगी तिच्या रॅप गाण्याच्या व्हिडिओचं शूटिंग करायला आली होती. नाव विचारायला मी लाजले. रंगाने ती माझ्यासारखीच, चांगली काळी. बोलताना उजव्या हाताने हवेतच टपल्या मारायची. उन्हात घामाने निथळत होती. मला तिची दया आली. मी स्वतः पावडरशिवाय नळावरसुद्धा जात नाही, म्हणून घरातला डबा आणून तिच्यापुढे धरला.

तिने मानेवरच्या घामोळ्यांवर पावडर थापली आणि डबा परत दिला.

"अगं, तोंडाला लाव ना," मी हळूच म्हटलं.

"मावशी, गाणंच काळ्या रंगावर आहे. तोंड पांढरं करून गायले तर पब्लिक धुऊन काढेल मला!" ती खो खो हसली. मग म्हणाली, "तू पण ये ना, माझ्या बाजूला उभी राहा."

माझ्या लग्नातसुद्धा उजळ दिसावं म्हणून फोटोवाल्याने मला दिव्याकडे सरकवलं होतं. तरी आत जाऊन तोंड खसखसून धुतलं आणि तिच्या बाजूला येऊन उभी राहिले.

तो व्हिडिओ आता गल्लीत सगळ्यांच्या मोबाइलवर आहे. ती मधोमध ठसक्यात गाते. बाजूला मी दिसते. डोळे नेमके मिटलेत, पण चेहरा माझाच आहे.