मालकांचं लॉन
नव्वदच्या दशकात आम्ही पुण्याहून बंगळूरला आलो आणि इंदिरानगरात तळमजल्यावर भाड्यानं राहू लागलो. वरच्या मजल्यावरच्या घरमालकांना अंगणातल्या लॉनचा भारी अभिमान. ते महिनाभर मुलीकडे गेले, तेव्हा मी प्रेमानं मूठमूठ युरिया टाकला आणि सगळं लॉन करपलं. ते परतायच्या सकाळी नवऱ्यानं पिचकारीनं त्यावर हिरवा रंग मारला. मालक आले, खूश झाले आणि पांढऱ्याशुभ्र लुंगीत तिथेच बसले. उठले तेव्हा त्यांचं बूड हिरवंगार झालं होतं. त्यांनी मागे हात फिरवला, तळवा पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "रंग स्वल्प ज्यादा हो गया, अम्मा." पुढच्याच आठवड्यात त्यांनी तिथे कोथिंबीर पेरली आणि मला तिच्याजवळ फिरकूही दिलं नाही.