वंटमुरीच्या घाटात बंद पडलेली गाडी

गाडी घेतली तेव्हा आमच्या घरात कुणालाच ती चालवता येत नव्हती. वडगावात आमचं घर. खाली दोन यंत्रमाग आणि वर आम्ही राहतो. माग नवरा बघतो. साड्यांच्या घड्या घालणं, गोंडे करून घेणं आणि माल दुकानांत पोचवणं हे माझं काम. रिक्षावाले गठ्ठे बघून पुढं निघून जायचे, त्याला कंटाळून आम्ही निपाणीच्या एका निवृत्त गृहस्थांची जुनी, लहान, पांढरी गाडी स्वस्तात घेतली. चालवायला नवरा शिकणार होता. तो ड्रायव्हिंगच्या क्लासला गेला, एका म्हशीला थोडक्यात चुकवलं, आणि परत काही गेला नाही. मग मी शिकले, चाळिशी उलटल्यावर. गल्लीतून पहिल्यांदा गाडी काढली तेव्हा माग बंद करून माणसं दारात आली होती.

साड्यांसाठी घेतलेली गाडी हळूहळू सासूबाईंची झाली. आम्ही त्यांना आत्ती म्हणतो. त्यांची धाकटी बहीण निपाणीत असते. गुडघे गेल्यापासून आत्तींना बसची पायरी चढता येत नव्हती आणि कंडक्टरनं हात धरून वर ओढलेलं त्यांना आवडत नव्हतं. दोघी बहिणी फोनवर बोलायच्या, पण दोघींनाही कमी ऐकू यायचं. गाडी आल्यावर मी रविवारी त्यांना घेऊन जाऊ लागले. जेवण व्हायचं, दोघी पुढच्या सोप्यात एकमेकींना टेकून झोपायच्या, आणि ऊन उतरायच्या आत आम्ही परतायचो.

अशाच एका परतीला वंटमुरीच्या घाटात, निम्मा चढ झाल्यावर, गाडीचा दम गेला. बॉनेटखालून पांढरी वाफ आली, मागून करपट वास. मी कशीबशी कडेला घेतली आणि आत्तींना धरून लांब झाडाखाली बसवलं. फोन गाडीतच राहिला. वाफ बघून मला परत जवळ जायचं धाडस होईना. शेवटी एका जीपवाल्यानं गाडी थांबवली, नवऱ्याचा नंबर मला पाठ नव्हता म्हणून मागच्या काचेवर चिकटवलेला नंबर वाचून त्याच्याच फोनवरून उद्यमबागेतल्या आमच्या मेकॅनिकला कळवलं, त्यानं घाटाजवळची क्रेन गाडी आणायला लावली, आणि त्या जीपमधूनच आम्ही घरी आलो. नवरा घरी नव्हता. थोड्या वेळानं आला, आम्हाला बघितलं, खाली गेला आणि माग चालू केला.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं सांगितलं की इंजिनच्या वरचा भाग, ज्याला ते हेड म्हणतात, त्याच्या खालचं पॅकिंग जळलंय. हेडही तापून वाकलं असेल तर खर्च गाडीच्या निम्म्या किमतीवर जाईल. वाकलं नसेल तर कमीत भागेल. आता काय ते सांगा, असं मी म्हटलं.

"उघडल्याशिवाय कळायचं न्हाय, आक्का," तो म्हणाला. "आणि उघडलं की माझी मजुरी लागली."

तिथून माझ्या जिवाला चैन पडेना. घड्या घालताना काठ उलटे पडायचे. भाकरी तव्यावर टाकायची आणि खिडकीशी जाऊन उभी राहायची, तिथून गाडी लावायची रिकामी जागा दिसायची. नवरा म्हणाला, भंगारात देऊन टाक. माझा भाऊ म्हणाला, जुन्या गाडीत पैसा घालणं म्हणजे भोकाच्या घागरीत पाणी. शेजारची म्हणाली, कर की दुरुस्त, तुझ्याशिवाय कोण आहे गल्लीत गाडी चालवणारी. प्रत्येकाचं ऐकताना मला ते पटायचं. मेकॅनिकला परत विचारलं तर त्याचंही मत फिरलेलं. आदल्या दिवशी करा म्हणणारा आता म्हणत होता, मी असतो तर विकली असती.

सगळ्यात जास्त त्रास एका गोष्टीचा होता. मला गाडी हवी होती की माझी जिद्द, हेच मला ठरवता येत नव्हतं. साड्या रिक्षानं पूर्वीही जातच होत्या. आत्ती तर एका शब्दानं काही बोलल्या नाहीत. रविवारी त्यांनी अंघोळ केली, चांगलं लुगडं नेसल्या, आणि मग लक्षात आल्यासारखं करून ते बदललं. ते बघून मी चप्पल घातली आणि चालत उद्यमबागेची वाट धरली. गॅरेज रविवारीही उघडं असतं.

तिथं नवरा होता. त्याच्याबरोबर एक भंगारवाला. तो गाडीभोवती फिरत होता, दारं उघडून आपटत होता, टायरवर पाय मारत होता. मला न सांगता हे चाललंय बघून माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. भंगारवाल्यानं वजनाचा भाव सांगितला. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं, आणि त्याला नंतर कळवतो म्हणून लावून दिलं.

मी विचारलं, एवढी कसली घाई झाली होती. तो आधी पैशाचं बोलला. मग भंगाराची रिक्षा वळेपर्यंत तिच्याकडं बघत राहिला.

"त्या दिवशी मी घरात नव्हतो," तो म्हणाला. "खालच्या गल्लीतला पोरगा बसमधनं येत होता. त्यानं फोन केला, तुमची गाडी घाटात उभी हाय, लई धूर येतोय, माणसं कुठं दिसत न्हाईत. तुला फोन लावला, तू उचलेनास. स्कूटर घेऊन निघालो. काकतीजवळ समोरनं गाडी आली. क्रेनला लटकलेली. आत कुणी न्हाय."

मी गाडीच्या दारावर हात टेकला.

"क्रेनवाला थांबेना. मी तिथंच कडेला बसलो. किती वेळ, आठवत न्हाय."

इतके दिवस मला वाटत होतं की बायको गाडी चालवते हे त्याला सलतंय. गल्लीत त्यावरून चेष्टा व्हायची, ती त्यानं कधी घरात आणली नव्हती, पण मी मनातल्या मनात त्याचा हिशेब धरला होता. आता त्याच्याकडं बघवेना. मी मेकॅनिकला सांगितलं, उघडा.

त्यानं हेड काढलं आणि म्हणाला, सरळ आहे का वाकलंय ते मच्छे गावातल्या लेथवाल्या टर्नरकडं दाखवावं लागेल. माणूस पाठवायला त्याच्याकडं कुणी नव्हतं. सोमवारी सकाळी ते हेड गोणपाटात गुंडाळून मी मांडीवर घेतलं आणि नवऱ्याच्या स्कूटरवर मागं बसले. गोणपाटातून तेल झिरपून माझ्या साडीवर डाग पडत होता. खानापूर रोडवरच्या प्रत्येक खड्ड्याला नवरा मान वळवून विचारायचा, धरलंस न्हवं?

टर्नरनं हेड टेबलावर उलटं ठेवलं, त्यावर पोलादी पट्टी आडवी लावली, आणि पातळ पत्र्याची जीभ खालून सरकवून बघितली. एका जागी ती आत गेली. वाकलंय, तो म्हणाला, पण थोडं. घासून सपाट करता येईल, एकदाच. परत तापलं तर मग फेकायचंच. करायचं का, असं त्यानं नवऱ्याला विचारलं.

नवरा म्हणाला, "तिला विचारा. गाडी तिची हाय."

मी हो म्हटलं. म्हणताना खात्री नव्हती. मशीन फिरायला लागलं तेव्हा वाटलं, आता थांबवावं का.

गाडी घरी आली. मी आधी ती मोकळीच फिरवली, शहापूरपर्यंत, मग हिंडलग्यापर्यंत. प्रत्येक सिग्नलला इंजिन तापल्याचा काटा बघायची. रविवारी आत्ती मागं बसल्या, आणि नवरा काही न विचारता पुढं येऊन बसला. मागांना सुट्टी दिली होती. वाटभर त्यानं दारावरची कडी एका हातानं धरून ठेवली, आणि घाट उतरताना दुसऱ्यानंही. संकेश्वरला चहाला थांबूया का, असं त्यानं विचारलं. मी नको म्हटलं, बंद केली तर परत चालू होईल का, याची मला भीती वाटत होती.

निपाणीत मावशी, आत्तींची बहीण, दारातच उभ्या होत्या. नवऱ्यानं आत्तींना उतरवलं, आत पोचवलं, दोघींचा एकदम बोलण्याचा आवाज बाहेर आला. तो परत येऊन माझ्या खिडकीशी उभा राहिला. मी अजून आतच बसले होते. इंजिन चालू होतं.

"बंद कर की आता," तो म्हणाला.

"थोडा वेळ असू दे," मी म्हटलं. चढ परतीला होता.

तो वळसा घालून पलीकडून आत आला आणि माझ्या शेजारी बसून राहिला.