फोटोतला वड

"झाड बघायला एवढ्या लांबनं कोण येतंय?" मोटारीत मागच्या बाकावरची बाई शेजारणीला म्हणाली.

"त्यांच्याकडं नसत्याली झाडं," शेजारीण म्हणाली.

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. अनोळखी माणसांशी बोलायचे तर मला आधी मनात वाक्य जुळवावे लागते. इंग्रजी शाळेतली सवय. आत्या सोबत होत्या. सांगलीहून कऱ्हाडपर्यंत रेल्वे, पुढे ही पाटणची मोटार. युद्धामुळे पेट्रोल नाही, म्हणून ती कोळशाच्या गॅसवर चालते. चढ आला की उतारूंनी खाली उतरायचे.

मांडीवर फोटो होता, काकूंनी लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून दिलेला. काकू आमच्या शेजारच्या. त्यांचे यजमान डोंगरदऱ्यांच्या फोटोंसाठी नावाजलेले होते. ते वारल्यावर वाचनालयाने त्यांची चित्रे भिंतीवर कायमची लावायचे ठरवले. सर्वांत गाजलेले हेच: कोयनेचे खोरे आणि खिंडीवर एकटा वड. एका सभासदाने शंका काढली, वड निगेटिव्हच्या काचेवर ब्रशने रंगवलेला आहे. तसे निघाले तर एकही चित्र घ्यायचे नाही, असे कमिटीत ठरले. वडील तिथले चिटणीस, आणि कॅमेऱ्यातले थोडेफार कळणारी घरात मीच. फिल्म बाजारात मिळेना, तेव्हा डोळ्यांनी बघून यायचे होते.

पाटणच्या पुढे गाडीवाट संपली. आत्या खिंडीखालीच बसल्या. वर वड होता, अगदी फोटोतल्या जागी. मला हायसे वाटले. मग फोटो उघडून धरला. फोटो माझ्या जन्माच्या सुमाराचा, म्हणजे सोळा-सतरा वर्षांपूर्वीचा, आणि त्यातला वड समोरच्या वडाच्या दुप्पट होता.

डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई पारावर (झाडाभोवतीच्या ओट्यावर) टेकली. फोटो पाहून हसली.

"आमच्याकडंबी हाय ह्यो. क्यालिंडरावरचा."

"हा फोटो काढला तेव्हा झाड लहान होतं का?" मी विचारले.

"तवा न्हवतंच की. मी लगीन होऊन आले तवा नुसता माळ हुता. सायबलोक यायचं, फोटू दावायचं, झाड कुठं हाय म्हणायचं. न्हाई म्हटलं की तोंड पाडून जायचं. मामंजींना (सासऱ्यांना) लय वाईट वाटायचं. मग त्यांनी लावलं, पानी घालून जगवलं. मी म्हटलं, आंबा तरी लावा, आवं, खाया हुईल. तर म्हनले, फोटूत वड हाय."

तिने फोटोवर बोट ठेवले. "ही उजव्या अंगाची फांदी तेवढी अजून यायची हाय."

तिच्या घरी आम्ही माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ कढी) आणि नाचणीची भाकरी खाल्ली. परतीच्या मोटारीत आत्या म्हणाल्या, "झाड आहे म्हणायचं नि मोकळं व्हायचं. खोटं थोडंच आहे?" खरेच, खोटे नव्हते.

वाचनालयात काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"झाड आहे?" अध्यक्षांनी विचारले.

"आहे."

काकूंनी डोळे मिटले. वडील लिहू लागले. आणखी कुणी काही विचारले नाही. तिथे थांबता आले असते.

"बाबा, लिहू नका अजून," मी म्हणाले. "फोटोतला वड तिथे कधी नव्हता. आता आहे तो हा फोटो बघून लावलाय. उजवीकडची फांदी अजून यायची आहे."